अंगवळणी पडेपर्यंत

*ताई, माझं वय ४४. दिवसभर खुर्चीत बसून काम. गेल्या महिन्यात डॉक्टरांनी रक्तातली साखर मधुमेहाच्या काठावर असल्याचं सांगितलं, वजन ८१ किलो भरलं, आणि मी घाबरले. दुसऱ्याच दिवशी जिम लावली. आठवड्यातून सहा दिवस, रोज एक तास. फोनवरच्या एका ॲपने १,२०० कॅलरींचा आहार आखून दिला, तो काटेकोर पाळला. साखर बंद, चहा-कॉफी बंद. पहिल्या आठवड्यात २.३ किलो उतरलं. दुसऱ्या आठवड्यात ४०० ग्रॅम. आज १९ वा दिवस, आणि काटा ७०० ग्रॅमने वर गेलाय. मांड्या इतक्या दुखतात की जिना उतरताना कठडा धरावा लागतो. डोकं दुखतं, मुलावर विनाकारण ओरडते, रात्री अंथरुणात पडल्यावर फक्त खाण्याचेच विचार येतात. शनिवारी भाचीच्या वाढदिवसाला समोर येईल ते खाल्लं आणि त्यानंतर दोन दिवस जिमला गेले नाही. माझ्या शरीरातच काही खोट आहे का? की माझ्यात जिद्दच नाही? सोडून द्यावंसं वाटतंय.*
*– वजनकाट्याला कंटाळलेली*

सोडू नका. पण जसं चाललंय तसंच पुढे रेटूही नका.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात शरीराची खोट मला कुठे दिसली नाही. जिद्दीचं म्हणाल, तर दुखऱ्या मांड्यांनी कठडा धरत जिना उतरून जी बाई जिम गाठते, तिला जिद्द नाही असं मी कुणालाही म्हणू देणार नाही. चुकलं आहे ते मोजमाप. योजना शरीराला झेपण्यापलीकडची आहे, आणि ती कशी चालली आहे हे ठरवायला तुम्ही एकटा वजनकाटा हाताशी धरला आहे. पहिल्या महिन्यात तर तो सर्वांत कमी भरवशाचा.

काट्याचंच आधी बोलू, कारण मन तिथे अडकलं आहे. आपलं शरीर गरजेपुरती साखर ग्लायकोजेनच्या रूपात साठवून ठेवते. यकृतात सुमारे १०० ग्रॅम, स्नायूंमध्ये साधारण ४०० ग्रॅम. हा साठा कोरडा नसतो. दर ग्रॅममागे तो जवळपास तीन ग्रॅम पाणी धरून ठेवतो. खाणं एकदम कमी केलं की पहिल्या काही दिवसांत हाच साठा खर्ची पडतो आणि त्याच्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून जातं. खाणं कमी म्हणजे पोटात जाणारं मीठही कमी, त्यामुळे आणखी थोडं पाणी सुटतं. आतड्यात असलेल्या अन्नाचं वजनही घटतं. आता हिशेब करून पाहा. रोज ७०० कॅलरींची तूट पडली असं धरलं, तर आठवड्याची ४,९०० झाली. शरीरातल्या एक किलो चरबीत साधारण ७,७०० कॅलरी असतात. म्हणजे पहिल्या आठवड्यात तुमची चरबी उतरली असेल ती सहाशे-साडेसहाशे ग्रॅम. उरलेलं दीड किलोच्या वरचं सगळं मुख्यतः पाणी. त्या २.३ किलोंनी तुम्हाला जो आनंद दिला तोच आता त्रास देतोय, कारण तुम्ही प्रत्येक आठवड्याकडून तेवढ्याचीच अपेक्षा धरून बसलात.

मग तिसऱ्या आठवड्यात काटा वर का गेला? सवय नसलेल्या व्यायामाने स्नायूंच्या तंतूंना सूक्ष्म इजा होते. ती भरून काढताना तिथे थोडी सूज येते, आणि सूज म्हणजे पाणी. शिवाय व्यायाम करणारा स्नायू पूर्वीपेक्षा जास्त ग्लायकोजेन साठवायला शिकतो, तेही पाण्यासकट. त्यात शनिवारचं गोड आणि खारट खाणं, त्याने रिकामा झालेला साठा पुन्हा भरला. पाळीच्या आधीचे दिवस असतील तर त्याचंही पाणी धरा. खरोखरची ७०० ग्रॅम चरबी वाढवायची तर गरजेपेक्षा ५,००० हून जास्त कॅलरी पोटात जायला हव्या होत्या, आणि एका वाढदिवसाच्या संध्याकाळी ते सहसा कुणाला जमत नाही. काटा वर गेला त्या आठवड्यातही तुमची थोडीफार चरबी कमीच झाली असण्याची शक्यता मोठी आहे.

काही लोक रोज सकाळी वजन करतात, आठवड्याची सरासरी काढतात, आणि त्यांना ते छान जमतं. तुम्ही मात्र काटा कपाटात ठेवा, सहावा आठवडा संपेपर्यंत. तुमच्या पत्रातला प्रत्येक आनंद आणि प्रत्येक निराशा काट्यावरच्या आकड्याला बांधलेली आहे, म्हणून हे सांगते. त्याऐवजी दर दोन आठवड्यांनी सकाळी उठल्यावर कंबरेला टेप लावा, दर वेळी त्याच जागी, आणि वहीत लिहून ठेवा.

आता मांड्या. नव्या व्यायामानंतर अंग आंबतं ते त्याच वेळी नाही. दुखणं दुसऱ्या दिवशी सुरू होतं आणि २४ ते ७२ तासांच्या दरम्यान सर्वांत जास्त असतं. ‘लॅक्टिक ॲसिड साचलं’ असं जिममध्ये अजूनही सांगितलं जातं, पण व्यायामात तयार झालेलं लॅक्टेट एक-दोन तासांत रक्तातून निघून गेलेलं असतं. तिसऱ्या दिवशीच्या दुखण्याशी त्याचा संबंध नाही. हे दुखणं येतं ते ताणल्या जात असताना जोर लावणाऱ्या स्नायूंमुळे. स्क्वॉटमध्ये खाली बसताना, वजन हळूहळू खाली आणताना, जिना उतरताना मांडीचा स्नायू लांबत असतो आणि त्याच वेळी तुमचा भार पेलत असतो. म्हणून तुम्हाला चढताना नाही, उतरतानाच कठडा लागतो.

यातली दिलासा देणारी गोष्ट अशी की शरीर हा धडा एकदाच घेतं. तोच व्यायाम, तेवढ्याच वजनाने, आठवड्याभराने पुन्हा केला तर दुखणं खूप कमी होतं, आणि हे संरक्षण काही आठवडे टिकतं. मग १९ दिवस झाले तरी तुमच्या मांड्या का दुखताहेत? बहुधा आधीचं भरून यायच्या आत रोज नवा मारा होतोय म्हणून. दुखलं म्हणजे व्यायाम लागू पडला, ही समजूत मनातून काढून टाका. चांगला व्यायाम न दुखताही होतो. दुखत असेल त्या दिवशी आडवं पडून राहण्यापेक्षा सावकाश चालल्याने बरं वाटेल.

एक मात्र नीट लक्षात ठेवा. सांध्यात दुखणं, एकाच बाजूला टोचल्यासारखी कळ, सांधा सुजणं, हे अंग आंबणं नव्हे. तिथे थांबायचं. आणि खूप जोराच्या व्यायामानंतर लघवी गडद तपकिरी झाली, स्नायू फार सुजले किंवा हातापायातली ताकदच गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. स्नायू मोठ्या प्रमाणात फुटून त्यातले घटक रक्तात उतरले तर मूत्रपिंडाला धोका असतो. हे क्वचितच होतं, पण होतं ते बरेचदा एकदम भारी व्यायाम सुरू करणाऱ्यांनाच.

डोकेदुखीचं थोडक्यात. रोजचा चहा-कॉफी तोडली की १२ ते २४ तासांत डोकं धरतं, एक-दोन दिवसांत सर्वांत जास्त ठणकतं आणि नऊ दिवसांपर्यंत राहू शकतं. पहिल्या आठवड्यातलं ते असेल. अजूनही दुखत असेल तर चहाला दोष देऊ नका. कमी खाणं, कमी पाणी, अपुरी झोप यांपैकी काहीतरी आहे. रक्तदाबही एकदा तपासून घ्या. खरं तर चहा-कॉफी सोडायची गरजच नव्हती. बिनसाखरेचा एखाद-दुसरा कप तुमच्या आड येत नाही. साखरेशी झगडायचं, व्यायामाशी झगडायचं, त्याच आठवड्यात चहाशीही झगडायचं, इतकं एकदम कशाला?

आणि आता ते, ज्याची तुम्हाला सर्वांत जास्त लाज वाटते. रात्रीचे खाण्याचे विचार, मुलावरचं ओरडणं, शनिवारचं तुटून पडणं.

१९४४-४५ साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अँसल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांवर उपासमारीचा एक प्रयोग केला. महायुद्धात उपाशी राहिलेल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालावं हे शिकण्यासाठी. हे सगळे स्वेच्छेने आलेले, शरीराने आणि मनाने धडधाकट म्हणून निवडलेले होते. सहा महिने त्यांना रोज १,६०० कॅलरींच्या आसपास अन्न मिळत होतं आणि आठवड्याला ३५ किलोमीटर चालावं लागत होतं. काही आठवड्यांत ते चिडचिडे झाले, थंडीने कुडकुडू लागले, त्यांना दुसरं काही सुचेना. काही जण पाककृतींची पुस्तकं गोळा करून वाचत बसायचे. काहींना नियम पाळणं अशक्य झालं आणि त्यांनी चोरून खाल्लं. ते तरुण पुरुष होते, मुळात सडपातळ होते, त्यामुळे त्यांचे आकडे तुम्हाला जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण पोटाला पुरेसं मिळालं नाही की मन कसं वागतं, हे तिथे दिसलं. तुम्ही १,२०० वर आहात आणि वर आठवड्याला सहा तास व्यायाम करता. तुमच्या रात्री तशा जाताहेत यात तुमच्या स्वभावाचा दोष मला दिसत नाही.

त्यामागे संप्रेरकंही आहेत. चरबीच्या पेशी लेप्टिन सोडतात आणि त्यातून मेंदूला कळतं की साठा पुरेसा आहे. १९९४ मध्ये त्याचा शोध लागला. खाणं एकदम घटलं की चरबी फारशी उतरलेली नसतानाही काही दिवसांतच लेप्टिन झपाट्याने खाली येतं. मेंदूला वाटतं, दुष्काळ पडला. मग तो माणसाला अन्नाकडे ढकलतो. तूट जितकी मोठी, तितकं ढकलणं जोराचं.

म्हणून माझा पहिला सल्ला तुम्हाला उलटा वाटेल. खाणं वाढवा. १,२०० वरून १,५५० ते १,६०० च्या आसपास या. वजन थोडं सावकाश उतरेल, पण उतरेल. प्रत्येक जेवणात प्रथिनं असू द्या, दिवसाला एकूण ८० ते ९० ग्रॅम (मूत्रपिंडाचा काही त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारून ठरवा). प्रथिनांनी पोट जास्त वेळ भरलेलं राहतं आणि वजन उतरताना स्नायू टिकतात. तंतुमय पदार्थ वाढवायचे तर हळूहळू, बरोबर पाणी वाढवत. नाहीतर गॅस होऊन पोट फुगतं आणि लोक त्या अन्नालाच नावं ठेवतात. रात्रीच भूक खवळत असेल तर दिवसाच्या कॅलरींतला मोठा वाटा संध्याकाळकडे सरकवा. उपाशीपोटी झोपण्यात काही पुण्य नाही.

झोपेबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाही, म्हणून विचारते: किती तास झोपता? २०१० मध्ये शिकागोत १० जणांवर एक छोटा पण नेटका अभ्यास झाला. त्याच माणसांनी तेवढंच कमी खाल्लं, एकदा १४ दिवस साडेआठ तास झोपेची मुभा घेऊन आणि एकदा १४ दिवस साडेपाच तासांची. वजन दोन्ही वेळा सारखंच, तीन किलोंच्या आसपास उतरलं. पण पुरेशी झोप मिळाली तेव्हा त्यात १.४ किलो चरबी होती, आणि झोप तुटली तेव्हा फक्त ०.६ किलो. बाकीचं गेलं ते मुख्यतः स्नायूंसारख्या भागातून, आणि भूकही वाढली. पहाटेच्या जिमसाठी तुम्ही झोप मोडत असाल तर वेळ बदला.

मूळ कारणाकडे मात्र तुमच्या पत्रातून दुर्लक्ष झालं आहे. तुम्ही सुरुवात केलीत ती रक्तातल्या साखरेसाठी. पुढच्या १९ दिवसांत त्या साखरेचा एकदाही उल्लेख नाही, नुसते किलो आणि ग्रॅम. २००२ मध्ये अमेरिकेत मधुमेह रोखण्याबाबतच्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. त्यात ३,२३४ जण होते, सगळे तुमच्यासारखे काठावरचे. त्यांतल्या एका गटाला दोनच उद्दिष्टं दिली होती: वजनात ७ टक्के घट आणि आठवड्याला १५० मिनिटं हालचाल, तीही भरभर चालण्याइतकी. सरासरी पावणेतीन वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झालं, मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. तुमच्या ८१ किलोंचे ७ टक्के म्हणजे साडेपाच किलोंच्या थोडं वर. तेही त्यांनी तीन आठवड्यांत करून दाखवलं नव्हतं, कित्येक महिने घेतले होते.

साखरेच्या बाबतीत तुमचं काम पहिल्याच दिवशी सुरू झालं आहे. व्यायामाच्या एका फेरीनेही स्नायू रक्तातली साखर जास्त सहज ओढून घेतात आणि हा परिणाम एक-दोन दिवस टिकतो. जेवणानंतर १०-१५ मिनिटं चाललं तरी जेवणानंतरची साखर कमी चढते. हे काट्यावर दिसत नाही. ते दिसेल तीन महिन्यांनी एचबीए१सी तपासल्यावर, कारण त्या तपासणीत साधारण तीन महिन्यांची सरासरी कळते. आज उठून तपासायला जाऊ नका. आतमध्ये आणखीही बरंच घडतंय. पहिल्या एक-दोन आठवड्यांतच रक्तातला द्रवभाग वाढतो, त्यामुळे तेवढ्याच श्रमाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. पहिल्या दिवशी जे वजन उचलवत नव्हतं ते आता हलकं वाटत असेल, तर स्नायू अजून मोठे झालेले नाहीत; मेंदू आणि नसा त्या स्नायूंना नीट कामाला लावायला शिकल्या आहेत. पहिल्या महिना-दीड महिन्यातली बरीचशी ताकद अशीच येते.

व्यायाम आता निम्मा करा. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची आणि त्याखेरीज दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचे व्यायाम, अशी आहे. वर्षानुवर्षं बसून काम केलेल्या शरीराने तुम्ही पहिल्याच दिवसापासून ३६० मिनिटं सुरू केलीत. पुढचे तीन आठवडे जिमला तीनच दिवस जा, एकाआड एक, ३५ मिनिटं पुरेत. आणखी दोन-तीनदा जोर आला असता असं वाटत असतानाच वजन खाली ठेवा. मधल्या दिवसांपैकी दोन दिवस अर्धा तास चाला. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतक्या वेगाने. एक दिवस पूर्ण विश्रांती. पुढे वाढवायचं तेव्हा एका आठवड्यात एकच गोष्ट वाढवा, वेळ तरी नाहीतर वजन तरी. ट्रेनर जास्त कर म्हणाला तर त्याला स्पष्ट सांगा की माझा कार्यक्रम असा आहे. मी स्वतः छत्तिसाव्या वर्षी तुमच्यासारखीच एका दमात सगळं करायला गेले होते. पाचव्या आठवड्यात गुडघा सुजला आणि पुन्हा सुरुवात करायला दोन वर्षं गेली. त्या दोन वर्षांची हळहळ मला अजून वाटते, म्हणून इतकं पोटतिडकीने लिहितेय.

डॉक्टरांना जिम लावल्याचं सांगितलंय का? नसेल तर या आठवड्यात सांगा. साखरेची किंवा रक्तदाबाची गोळी सुरू असेल तर कमी खाणं आणि जास्त व्यायाम यांमुळे डोस बदलावा लागू शकतो. व्यायाम करताना छातीत दाब वाटला, चक्कर आली, किंवा श्रमाच्या मानाने फारच धाप लागली, तर तिथल्या तिथे थांबून मदत मागा.

राहिला शनिवार. खरं तर शनिवारपेक्षा त्यानंतरचे दोन दिवस मला जास्त खुपतात. २१ दिवसांत सवय लागते असं तुम्हीही कुठेतरी ऐकलं असेल, आणि ते भरायच्या आतच घसरल्यावर सगळं वाया गेलं असं वाटलं असेल. त्या २१ दिवसांना आधार नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या नव्या सवयींचा अभ्यास केला. गोष्ट आपोआप घडायला लागायला लागलेल्या दिवसांचा मध्यक ६६ होता, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी, निम्म्यांना जास्त. कुणाला १८, तर कुणाच्या बाबतीत अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. व्यायामासारख्या सवयींना पाणी पिण्यासारख्या साध्या सवयींपेक्षा जास्त वेळ लागला. आणि मधला एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. तुमच्या अंगवळणी अजून काही पडलेलं नाही, कारण पडायला अजून अवकाश आहे. वाढदिवस पुन्हा येतील. तेव्हा बसून, चवीने, हवं ते खा. दुसऱ्या दिवशी भरपाई म्हणून उपास नको की दोन तास जिम नको, नेहमीचं जेवण आणि नेहमीचा व्यायाम. खाण्यावरचा ताबा सुटण्याचे प्रसंग वारंवार येऊ लागले, खाऊन झाल्यावर ओकून टाकावंसं वाटलं किंवा पाळी थांबली, तर मात्र ते एकटीने सोसू नका, डॉक्टरांशी बोला.

मुलालाही सांगा. तो किती वर्षांचा आहे ते तुम्ही लिहिलं नाही, पण ‘मी नवीन काहीतरी शिकतेय, सुरुवातीला त्रास होतोय, तुझ्यावर ओरडले ते चुकलं’ एवढं कुठल्याही वयाला कळतं. जेवणानंतरच्या चालण्याला तो बरोबर आला तर फारच छान.

उद्या जिमला जाऊ नका. व्यवस्थित जेवा, जेवणानंतर १५ मिनिटं चाला, आणि वेळेवर झोपा. परवापासून नवा आराखडा. आठव्या आठवड्यात मला पुन्हा पत्र लिहा. वजनाचा आकडा कळवू नका. जिना उतरताना अजून कठडा धरावा लागतो का, झोप कशी लागते, आणि मुलगा काय म्हणतो, तेवढं लिहा.